आधी कृष्णविवर की आधी दीर्घिका?

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एका महाविद्यालयीन युवकाने आम्हांस गाठले आणि आपल्या मोबाईलवर आलेला एक संदेश दाखवला. ‘जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोटाचा सिद्धांत खोटा ठरवला’ असे त्याचे शीर्षक होते. विश्व अगदी कोवळे असताना जी कृष्णविवरे व ज्या दीर्घिका असूच शकत नव्हत्या त्या या दुर्बिणीला दिसल्या आहेत, असे कारण खाली दिलेले होते. गंमत अशी, की त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी आम्हांस नेमका उलटा संदेश पाठवला होता. ही कृष्णविवरे म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या अध्यायाचा प्रत्यक्ष पुरावा होय, असे त्यात ठासून म्हटले होते. ती कृष्णविवरे कोणती, केवढी आणि त्यांच्यामुळे शास्त्रज्ञांपुढे नेमका कोणता पेच उभा राहिला, याविषयी दोन्ही संदेशांत एक अक्षरही नव्हते. वाचकहो, त्या पेचाविषयीच येथे लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी वाचकाला नवखा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने जी पहिली विज्ञानकथा धाडली, तिचे नावच ‘कृष्णविवर’ असे होते. मात्र ‘विवर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भोक किंवा खड्डा उभा राहतो आणि तेथेच थोडी गफलत होते. कृष्णविवर म्हणजे रिकामी जागा नव्हे. अतिशय थोड्या जागेत कोंबले गेलेले अतिशय मोठे वस्तुमान म्हणजे कृष्णविवर. आपली अख्खी पृथ्वी दाबून दाबून एखाद्या बोराएवढी केली, तर तिच्या पृष्ठभागावरून प्रकाशही निसटू शकणार नाही. सूर्याचे कृष्णविवर करावयाचे झाल्यास त्याला सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात बसवावे लागेल. ज्या सीमेच्या आतून काहीही परत येत नाही, तिला ‘घटना क्षितिज’ म्हणतात.

या सीमेचे गणित १९१६ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मांडले. त्यात एक विचित्र गोष्ट होती. या सीमेवर पोहोचताच समीकरणे जणू मोडून पडत, त्यामुळे तेथे भौतिकीचे नियमच संपतात की काय, अशी शंका येई. ही मोडतोड प्रत्यक्षातली नसून केवळ मोजमापाच्या चौकटीचा दोष आहे, हे १९३३ साली दाखवून देणारे गृहस्थ बेल्जियमचे एक धर्मप्रांतीय धर्मगुरू होते. त्यांचे नाव जॉर्ज लमेत्र. प्रसरणशील विश्वाचा आणि विश्वारंभाचा विचार मांडणारे म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत. कृष्णविवरांच्या अभ्यासातील त्यांचा हा वाटा मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

मोठा तारा इंधन संपून कोसळला की सूर्याच्या काही पट ते काही दशपट वस्तुमानाचे कृष्णविवर मागे उरते. दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेली कृष्णविवरे मात्र निराळ्याच जातकुळीची आहेत. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी, येथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ४० लाखांहून अधिक पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती अवघ्या १६ वर्षांत प्रदक्षिणा पूर्ण करणारा एक तारा वर्षानुवर्षे न्याहाळून राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांच्या दोन गटांनी हे वजन काढले. या कार्यासाठी त्या दोघांना २०२० सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा रॉजर पेनरोज यांना मिळाला. एप्रिल २०१९ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत तांबूस कड्याचे जे छायाचित्र झळकले, ते ‘एम ८७’ या दीर्घिकेतील कृष्णविवराचे होते. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साडेसहा अब्ज पट आहे. त्याच्या घटना क्षितिजाची त्रिज्या सूर्यापासून प्लूटोपर्यंतच्या अंतराच्या तिपटीहून मोठी भरते.

काळ्या वस्तू दिसतात तरी कशा, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर असे, की कृष्णविवर स्वतः काळे असले तरी त्याचे जेवण काळे नसते. आत ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. तो भोवती गरगरत एक तबकडी तयार करतो, घर्षणाने प्रचंड तापतो आणि अखेरचा घास होण्यापूर्वी आपल्या वस्तुमानाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा प्रकाशरूपाने उधळून देतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळतो, तेव्हा एक टक्काही वस्तुमान ऊर्जेत परिवर्तित होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या भट्टीची कल्पना येते. मार्टेन श्मिट यांनी १९६३ साली ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला, तेव्हा तो तारा नसून अब्जावधी प्रकाशवर्षांवरील काहीतरी आहे, हे ध्यानात आले. अशा वस्तूंना क्वेसार हे नाव पडले. शेकडो अब्ज ताऱ्यांच्या दीर्घिकेला झाकोळून टाकणारा हा उजेड तिच्या मध्यावरील एका कृष्णविवराच्या भोजनाचा असतो.

आता मूळ पेचाकडे येऊ. प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, म्हणून जितके दूर पाहावे तितका जुना काळ दिसतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. जानेवारी २०२१ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी एका क्वेसारची घोषणा केली. त्याच्या यादीतील नावाचा आरंभ ‘जे ०३१३’ असा आहे. त्याचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला, तो निघाला तेव्हा विश्व अवघे ६७ कोटी वर्षांचे होते. तरीही त्यातील कृष्णविवराचे वस्तुमान तेव्हाच सूर्याच्या १६० कोटी पट झालेले होते. याआधी २०११ मध्ये ७७ कोटी वर्षे वयाच्या विश्वातील दोन अब्ज सूर्यांएवढे आणि २०१७ मध्ये ६९ कोटी वर्षे वयाच्या विश्वातील ८० कोटी सूर्यांएवढे कृष्णविवर सापडले होते. एखादे असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. ही तर रांगच लागली.

यात अडचण कोणती? कृष्णविवराला हवे तितके भराभर खाता येत नाही. खाताना निघणारा प्रकाशच येणाऱ्या वायूला बाहेर ढकलू लागतो. आत खेचणारे गुरुत्व आणि बाहेर रेटणारा प्रकाश यांची बरोबरी झाली की त्याहून अधिक घास आत जाणे कठीण होते. या मर्यादेला ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचे नाव दिलेले आहे. या मर्यादेपर्यंत सतत खात राहिले, तर कृष्णविवराचे वजन साधारण तीन ते साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पतपेढ्यांत मुदत ठेवी आहेत. त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ठेव किती वर्षांत दुप्पट होते हे ठरलेले असले, की अमुक तारखेला हाती किती रक्कम पडणार, हे मुद्दलावरच अवलंबून राहते. पहिले तारे महास्फोटानंतर दहा ते वीस कोटी वर्षांच्या आसपास पेटले असावेत. त्यांपैकी एखादा कोसळून सूर्याच्या शंभरपट वस्तुमानाचे कृष्णविवर झाले, असे धरू. ‘जे ०३१३’च्या वेळेपर्यंत त्याच्या हाती उरतात सुमारे ५० कोटी वर्षे. एवढ्या मुदतीत ठेव फार तर सोळा वेळा दुप्पट होईल. शंभराचे सोळा वेळा दुप्पट केल्यास सुमारे ६५ लाख होतात. प्रत्यक्ष खात्यावर मात्र १६० कोटी जमा दिसतात. शिवाय आम्ही येथे धरले आहे की या कृष्णविवराने ५० कोटी वर्षांत एकदाही जेवण चुकवले नाही. प्रत्यक्षात आसपासच्या ताऱ्यांचे स्फोट आणि त्याचा स्वतःचाच उजेड त्याच्या ताटातील वायू वारंवार उडवून लावत असणार.

असा हिशेब जुळेनासा झाला की शहाणा माणूस दोनच शक्यता तपासतो. एक तर मुद्दल आपण समजतो त्याहून मोठे होते, नाहीतर व्याजाचा दर चढा होता. खगोलशास्त्रातही याच दोन वाटांवर वाद चालू आहे. पहिल्या वाटेने जाणारे म्हणतात, की आरंभीची बीजे ताऱ्यांची नव्हतीच. आदिकाळी फक्त हायड्रोजन व हेलियम यांचे ढग होते. असा ढग थंड होत गेला की त्याचे तुकडे पडून तारे बनतात. पण शेजारच्या दीर्घिकेच्या अतिनील किरणांनी त्यातील हायड्रोजनचे रेणू मोडले, तर ढगाला नीट थंडच होता येत नाही. मग तो तुकडे न होता सगळाच्या सगळा कोसळतो आणि थेट दहा हजार ते एक लाख सूर्यांएवढे कृष्णविवर जन्मास येते. दुसऱ्या वाटेचे लोक म्हणतात, की एडिंग्टनची मर्यादा सर्व दिशांनी सारखा वायू येत असल्याच्या गृहीतावर बेतलेली आहे. दाट वायूच्या तबकडीतून तिचे काही काळ उल्लंघन होऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये असे एक उदाहरण प्रसिद्धही झाले. महास्फोटानंतर सुमारे दीड अब्ज वर्षांनी एक लहानसे कृष्णविवर या मर्यादेच्या जवळजवळ चाळीस पट वेगाने खात असल्याचे आढळले. आमचे मत विचाराल, तर दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या निघतील असे वाटते. पण हे एका संपादकाचे मत आहे, ते फार मनावर घेऊ नये.

येथवर केवळ कृष्णविवराविषयी झाले. परंतु कृष्णविवर एकटे राहत नाही. ते एका दीर्घिकेच्या पोटात असते, तिला त्याची ‘यजमान’ म्हणतात. या दोघांत एक अजब नाते आहे, असे १९९८ व २००० सालच्या संशोधनांतून पुढे आले. आपल्या परिसरातील मोठ्या दीर्घिकांत मध्यभागी ताऱ्यांचा जो फुगवटा असतो, त्याच्या सुमारे पाचशे ते हजाराव्या हिश्श्याएवढे वजन तिच्या कृष्णविवराचे भरते. फुगवटा मोठा तर कृष्णविवर मोठे, लहान तर लहान. हे चटकन साधे वाटते, पण नीट पाहिले तर चक्रावून टाकणारे आहे. कृष्णविवराच्या गुरुत्वाचा खरा अंमल त्याच्याभोवतीच्या अल्पशा प्रदेशावरच चालतो. फुगवट्यातील बहुतेक ताऱ्यांना त्याचे अस्तित्व जाणवतही नाही. मग दोघांच्या वाढीत हा ताळमेळ कोणी राखला? एक उत्तर असे, की क्वेसारच्या अवस्थेत कृष्णविवरातून सुटणारे झंझावाती वारे दीर्घिकेतील वायू तापवतात व बाहेर हाकलतात. त्यामुळे नवे तारे बनणेही थांबते आणि कृष्णविवराचे ताटही रिकामे होते. दुसरे उत्तर असे, की दीर्घिका एकमेकींत विलीन होत गेल्या आणि त्यांची कृष्णविवरेही, त्यामुळे सरासरीने हे प्रमाण आपोआप जुळत आले. दोन्ही उत्तरांतून एकच मूळ प्रश्न पुढे येतो : हे नाते आरंभापासून होते की पुढे जडले? आधी दीर्घिका झाली आणि तिच्या कुशीत कृष्णविवर वाढले, की कृष्णविवर आधी होते आणि त्याच्याभोवती दीर्घिका गोळा झाली?

यासाठी प्राचीन क्वेसारच्या यजमान दीर्घिका पाहावयास हव्या होत्या आणि नेमक्या त्याच दिसत नव्हत्या. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर पडले, की त्यामागचा ड्रायव्हर दिसत नाही, तशीच ही स्थिती. चिलीच्या वाळवंटातील ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणींनी या दीर्घिकांतील वायू व धूळ टिपली होती. परंतु त्यांतील ताऱ्यांचा प्रकाश हबल दुर्बिणीला वेगळा काढता आला नाही. तो प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन अवरक्त झालेला असतो आणि त्यासाठी निराळा डोळा लागतो.

तो डोळा अवकाशात गेला २०२१ सालच्या नाताळच्या दिवशी. आपण भारतात सायंकाळी घरोघर नाताळच्या भेटीगाठी घेत होतो, त्या वेळी फ्रेंच गियानातील तळावरून जेम्स वेब दुर्बीण झेपावली. सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा तिचा साडेसहा मीटर व्यासाचा आरसा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उष्णतेपासून आडोशाला, आपले काम करीत आहे. २०२३ साली तिने दोन प्राचीन क्वेसारच्या यजमान दीर्घिकांतील ताऱ्यांचा प्रकाश प्रथमच वेगळा करून दाखवला. हे दोन्ही क्वेसार जपानच्या सुबारू दुर्बिणीने आधी शोधलेले होते आणि विश्व एक अब्ज वर्षांचेही नव्हते, त्या काळातील होते. पद्धत समजण्यास सोपी, करण्यास अवघड. त्याच चित्रातील साध्या ताऱ्यांवरून एका बिंदूचा उजेड दुर्बिणीत कसा पसरतो, हे अचूक ठरवायचे, तेवढा उजेड क्वेसारमधून वजा करायचा आणि मागे काय उरते ते पाहायचे. मागे उरल्या दोन दीर्घिका. एकीचे वस्तुमान १३० अब्ज सूर्यांएवढे, दुसरीचे ३४ अब्ज सूर्यांएवढे. त्यांची कृष्णविवरे अनुक्रमे १४० कोटी आणि २० कोटी सूर्यांएवढी. म्हणजे प्रमाण शंभरास एक किंवा त्याहून कमी. आजच्या दीर्घिकांत दिसते त्यापासून फार दूर नाही. घराणे जुने, पण नाते ओळखीचे.

प्रश्न सुटला, असे येथे वाटू लागते. पण आणखी मागे जावे तसे चित्र पालटते. ‘यूएचझेड१’ नावाची एक दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांनी जशी होती तशी आपल्याला दिसते. मध्ये असलेल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने भिंगासारखे काम करून तिचा प्रकाश सुमारे चौपट केला. तेथूनच येणारे क्ष-किरण ‘चंद्रा’ या उपग्रह-दुर्बिणीने टिपले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते वृत्त जाहीर झाले. (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही दुर्बीण १९९९ पासून अवकाशात आहे.) या दीर्घिकेतील कृष्णविवराचे वजन एक कोटी ते दहा कोटी सूर्यांच्या दरम्यान असावे, आणि तिच्या साऱ्या ताऱ्यांचे एकत्र वजनही साधारण तेवढेच! घर आणि घरधनी यांचे वजन सारखे भरावे, असाच हा प्रकार. भारतात जन्मलेल्या, येल विद्यापीठातील प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दीर्घिका सापडतील, असे काही वर्षे आधीच लिहून ठेवले होते. थेट कोसळून जन्मलेल्या जड बीजाची ही खूण ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. ‘आधी कृष्णविवर’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा आजवरचा वजनदार पुरावा आहे.

तरीही घाई करण्यात अर्थ नाही. दुरून पाहताना जे सर्वांत तेजस्वी तेच आधी नजरेत भरते. मिरवणुकीत बँडवाले आधी दिसतात, म्हणून सारा गाव बँड वाजवतो असे म्हणता येत नाही. त्याहून मोठे कोडे वेब दुर्बिणीनेच समोर आणले आहे. तिच्या चित्रांत जागोजागी इवलाले लाल ठिपके सापडले. ते मुख्यतः विश्वाच्या ६० कोटी ते १५० कोटी वर्षे या वयातील आहेत. त्यांच्या वर्णपटात कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या खुणा आहेत, परंतु त्यांच्याकडून क्ष-किरण जवळजवळ येतच नाहीत. आरंभी काहींना त्या अवाढव्य दीर्घिका वाटल्या. पुढे यजमानाच्या मानाने फारच जड कृष्णविवरे, असे ठरू लागले. २०२५ मध्ये काही गटांनी असे सुचवले, की ही कृष्णविवरे दाट वायूच्या जाड वेष्टणात गुरफटलेली असावीत. तसे असेल, तर त्यांची आधी काढलेली वजने बरीच कमी करावी लागतील. तीन वर्षांत तीन उत्तरे! याला कोणी शास्त्रज्ञांचा गोंधळ म्हणेल. आम्हांस तो प्रामाणिकपणा वाटतो.

आता त्या युवकाच्या संदेशाकडे वळू. महास्फोटाचा सिद्धांत दीर्घिका दूर जात असल्याच्या निरीक्षणावर, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वव्यापी सूक्ष्मलहरींच्या शोधावर आणि हायड्रोजन-हेलियम यांच्या प्रमाणावर उभा आहे. यांपैकी एकालाही लाल ठिपक्यांनी धक्का लावलेला नाही. अडचण आहे ती त्या चौकटीच्या आत, पहिली दीर्घिका व पहिले कृष्णविवर किती वेगाने वाढले याविषयीची. मूल अपेक्षेपेक्षा लवकर उंच झाले, तर आपण त्याच्या आहाराची चौकशी करतो, त्याचा जन्मदाखला फाडून टाकत नाही.

दुसऱ्या संदेशाला उत्तर फादर लमेत्र यांनीच देऊन ठेवले आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञान अकादमीपुढील भाषणात विश्वारंभाच्या नव्या सिद्धांताचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा स्वतः सिद्धांतकर्ते लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्मविषयक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज एक गणित जुळले म्हणून श्रद्धेला टेकू द्यावा आणि उद्या ते बदलले की तो काढून घ्यावा लागावा, हे त्यांना श्रद्धेच्या दृष्टीनेही इष्ट वाटत नव्हते. पुढच्या वर्षी रोममध्ये भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत पोप महोदयांनी तो संबंध पुन्हा जोडला नाही. याच लमेत्र यांच्या वारशाला वाहिलेली, कृष्णविवरांवरची एक परिषद व्हॅटिकन वेधशाळेने जून २०२४ मध्ये कास्तेल गांदोल्फो येथे भरवली. तेथे वादविवाद झाले ते समीकरणांवर.

या शोधाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तिने घड्याळासारखे ठोके देणाऱ्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदी घेतल्या. या नोंदी युरोपीय गटाच्या नोंदींशी जोडल्या गेल्या. त्यांतून जून २०२३ मध्ये अतिशय संथ गुरुत्वलहरींच्या खुणा जाहीर झाल्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांनीही त्याच वेळी तसेच निष्कर्ष मांडले. या लहरी बहुधा एकमेकींभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या आहेत. दीर्घिका विलीन होतात तेव्हा त्यांची कृष्णविवरेही एकत्र येतात, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले. आरंभीच्या बीजांचे मीलन ‘ऐकण्यासाठी’ मात्र अवकाशातच कान लावावा लागेल. त्यासाठी ‘लिसा’ नावाच्या तीन यानांच्या प्रकल्पास युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मान्यता दिली असून पुढील दशकाच्या मध्यास त्याचे उड्डाण अपेक्षित आहे.

त्या युवकाने जाताना आम्हांस विचारले होते, की यातले काही आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल काय. येईल. उन्हाळ्याच्या रात्री, मळभ नसताना आणि गावच्या दिव्यांपासून दूर, आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून कन्या राशीतील ‘३सी २७३’ हा पहिला क्वेसार दिसतो. एक फिकट ठिपका, शेजारच्या ताऱ्यांसारखाच. सोबत चांगला नकाशा ठेवावा, नाहीतर तो ओळखू यायचा नाही. त्याचा प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे.